पुसता येणारी सनई

आमच्या घरात दारं-खिडक्या लावून सनई वाजली ती एकदाच. एरवी आप्पा ओट्यावर बसून वाजवायचे आणि सगळ्या आळीला ऐकू जायचं. त्या दुपारी मात्र काकांनी दाराला गोधडी टांगली, खिडकीच्या फटींत जुनी लुगडी कोंबली, पंखा बंद केला आणि आईला बजावलं, "वयनी, आता भांड्याला हात लावायचा न्हाई. खोकला आला तर पदर तोंडात धरायचा."

आप्पा म्हणजे माझे वडील. ते सनई वाजवायचे. काका, त्यांचे धाकटे भाऊ, संबळ वाजवायचे. आळीतले एक म्हातारे मागे बसून सूर धरायचे. संगमनेरहून अकोल्याकडे जाताना प्रवरेच्या काठाला आमचं गाव आहे. तुळशीचं लग्न लागलं की हे तिघं घराबाहेर पडायचे ते उन्हाळा संपेपर्यंत. राहात्यापासून राजूरपर्यंत कुठकुठल्या मांडवात मी आप्पांबरोबर लहानपणी गेले असेन. वरातीच्या पुढे चालताना ते मागं वळून पाहायचे नाहीत, पण मी मागे राहिले की त्यांना कसं कोण जाणे कळायचं. ते चाल मंद करायचे. वरातीतल्या माणसांना वाटायचं, सनईवाला रंगात आलाय.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला काकांनी संगमनेरात स्टँडजवळ एक गाळा घेतला. बाहेर पाटी लावली, 'सीडी भरून मिळेल'. आत एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि भिंतीला टांगलेल्या सीड्या. पोरं गाण्यांची यादी घेऊन यायची, काका त्यांना गाणी भरून द्यायचे. लगीनसराईत संबळ आणि बाकीच्या वेळी गाळा असं त्यांचं चाललं होतं. आप्पांना त्याचा अभिमान होता. पाहुण्यांना ते सांगायचे, "आमचा धाकटा कॉम्प्युटरमधला हाय."

एके दिवशी काका तो कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून रिक्षातून घरी घेऊन आले. बरोबर माइक. म्हणाले, "दादा, तुझी सनई भरून ठिवायची. आपल्या घरात काय तरी ऱ्हायला पायजे."

मग त्यांनी खिशातून एक सीडी काढली. मी पाहिलेल्या सीड्या खालून हिरवट-निळसर असायच्या. ही करडी होती, शिशासारखी.

"ही साधी न्हाई," काका म्हणाले. "री-रायटेबल. पुसून परत भरता येती. चुकलं तर पुसायचं, परत वाजवायचं."

आप्पांनी ती दोन बोटांत धरून उलटी-सुलटी केली. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता.

"पुसल्यावर आधीचं जातं कुटं?" त्यांनी विचारलं.

"कुटं जातंय? पुसलं का गेलं."

"आसं कसं जाईल?"

"आरं दादा, पाटीवरचं आपन पुसायचो ते कुटं जायचं?"

आप्पा हसले. मग त्यांनी ताडाची पत्ती पाण्यात भिजवली, सनईच्या तोंडाला बसवली आणि वाजवायला बसले. दाराला गोधडी असल्यामुळं आत उकडत होतं. त्यांच्या गळ्यावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. काकांनी संबळ हलक्या हाताने धरलं. सूर धरणारे म्हातारे डोळे मिटून बसले. मी उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसले होते. आधी गणपतीची पूजा, मग हळद, मग मुहूर्त गाठायच्या आधी वाजवतात ते, मग मुलगी वाटेला लावताना वाजवतात ते. लग्नात जसं येतं तसंच त्यांनी ओळीनं वाजवलं. त्यांना दुसरा क्रम माहीतच नव्हता.

पाठवणीची सनई चालू असताना मोरीत टेकवून ठेवलेलं एक ताट घसरून पडलं. आईने हातही लावला नव्हता, ते आपोआप पडलं. काकांनी संबळ थांबवलं आणि कपाळाला हात लावला. "गेलं सगळं. परत घ्यावं लागंल."

आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लग्नात काय भांडी पडत न्हाईत?"

तसंच राहिलं. संध्याकाळी काकांनी ते ऐकवलं. आप्पा मान खाली घालून ऐकत बसले. आपल्या पाठीमागं कोणी आपल्याविषयी बोलत असावं आणि ते चुकून कानावर पडावं, तसे. ऐकून झाल्यावर ते उठले आणि गाईला पाणी पाजायला गेले. काकांनी सीडीच्या वरच्या बाजूला मार्करने लिहिलं, 'दादा - सनई'. खाली एक फूलही काढलं.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि आप्पांनी सनईचं पितळ चिंचेनं घासून ठेवलं. बोलावणी आली, पण तुरळक. काका म्हणायचे, यंदा मुहूर्तच कमी आहेत. आम्हाला ते खरं वाटलं. आप्पांनी ओट्यावर बसून पत्त्या कोरायच्या, सुकवायच्या, परत डबीत ठेवायच्या. काका मात्र घरी कमी दिसायला लागले. गाळ्यावर गर्दी आहे म्हणायचे. त्यांनी एक जुना टेम्पो घेतला, मोठे स्पीकर घेतले, आणि टेम्पोवर 'साउंड सर्व्हिस' असं लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, गाण्यांसाठी असेल.

उन्हाळ्यात आईच्या लांबच्या नात्यातलं एक लग्न संगमनेरातल्या एका मंगल कार्यालयात होतं. आम्ही तिघं गेलो. आप्पा फार दिवसांनी पाहुणा म्हणून लग्नाला निघाले होते. धुवट धोतर, टोपी. कार्यालयाच्या दारातच सनई ऐकू आली. मोठी, भरलेली, सगळ्या आवाराला पुरून उरणारी. आईने माझ्याकडे पाहिलं. मी आत नजर टाकली. सनईवाल्यांसाठी जो ओटा असतो तो रिकामा होता. तिथं दोन काळे स्पीकर उभे होते आणि मधे टेबलावर एक प्लेअर.

आम्ही अक्षता टाकल्या, पंगतीत बसलो. वाढपी बुंदी वाढत होता तेव्हा पाठवणीची सनई सुरू झाली. मुलगी अजून बोहल्यापाशीच होती. तिचे फोटो चालले होते. प्लेअरपाशी बसलेल्या पोराला काय कधी वाजवायचं याची कल्पना नसावी. आणि त्या सनईत, भरल्या कार्यालयात, आमच्या मोरीतलं ताट पडलं.

आईचा हात ताटावरच थांबला. आजूबाजूच्या कुणाला काही कळलं नाही. पंगतीत खरीच ताटं-वाट्या वाजत होत्या.

आप्पांच्या शेजारी बसलेले एक पाहुणे म्हणाले, "काय आप्पा, मज्जा हाय तुमची. तुमी हितं जेवताय आन् सनई तिकडं वाजतीय." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "तब्येत कशी हाय आता? दम लागतो म्हनं तुमाला."

"कोन म्हनलं?"

"तुमचे भाऊच म्हनले. सुपारी द्यायला गेल्तो आमी त्यांच्याकडं. ते म्हनले, दादाला आता फुकवत न्हाई, पन सीडीत हाय त्योच. एकच हाय."

आप्पांनी मान डोलावली. पानात होतं तेवढं संपवलं. बुंदी परत घेतली नाही, पण टाकलीही नाही. मला आजही राग येतो तो त्या गोष्टीचा. माणसानं अशा वेळी पानावरून उठावं. ते उठले नाहीत. पुढच्या पंगतीला जागा हवी म्हणून सगळे उठले, तेव्हा उठले.

काकांना ते बोलले ते आठवड्याच्या बाजारादिवशी, आमच्याच ओट्यावर. काका भाजीची पिशवी घेऊन आले होते, आईसाठी मेथी आणली होती. आप्पांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"मला दम लागतो व्हय रे?"

काकांना कळलं. ते पायरीवर बसले. थोडा वेळ पिशवीतली मेथी चाचपत राहिले.

"आरं दादा, लोकाला काय तरी सांगावं लागतं."

"मंग खरं सांगायचं."

"खरं काय सांगू? सनईवाला आनला तर त्याला गाडी पायजे, बसायला जागा पायजे, घडीघडी चहा पायजे, पंगत पायजे. सीडीला काय लागतंय? बटन दाबलं का वाजती. लोकालाच ते पायजे. मी न्हाई लावली तर दुसरा कुनी लावील, दुसऱ्या कुनाची. आपल्या घरातलंच हाय ना हे? तुझीच सनई वाजतीय. मी कुनाची चोरली का?"

मला उत्तर देता आलं असतं, पण वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात मी पडावं असं आमच्या घरात नव्हतं. आई आतून म्हणाली, "भावजी, तुमचं संबळ कुटंय?"

काका म्हणाले, "हाय की माळ्यावर."

"मंग तुमचंबी तेच झालं."

"माझं काय झालं? माझा टेम्पो हाय," काका म्हणाले आणि उठले. मेथी पायरीवरच ठेवून गेले. आईने ती गाईला घातली.

पुढं आप्पा गावातल्या दूध संकलन केंद्रावर कामाला लागले. कॅन धुवायचं काम. पहाटे जायचं, गाड्या गेल्यावर गार पाण्यानं कॅन घासायचे, उपडे घालायचे. सुरुवातीला ते घरी आल्यावर सनई घेऊन बसायचे. मग नुसती पत्ती भिजत घालायचे आणि विसरायचे. मग तेही बंद झालं. एकदा मी विचारलं, तर बोटं दाखवून म्हणाले, "पान्यानं ताठतात." माझ्या डोळ्यांदेखत एका वाजवणाऱ्याचा कॅन धुणारा झाला आणि गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. उलट लोक म्हणायचे, बरं झालं, गावातल्या गावात काम मिळालं.

काका आणि आप्पा बोलायचे बंद झाले नाहीत. मला वाटत होतं, व्हावेत. पण सणाला काका यायचे, आप्पा त्यांना पाट द्यायचे. गप्पा उसाच्या, पाण्याच्या, नातेवाइकांच्या. सनईचं नाव निघायचं नाही.

माझं लग्न ठरलं ते राहात्याला. तेव्हा मी बी.एड. करत होते. देण्याघेण्याच्या बोलण्यात मला रस नव्हता. मला एकच हवं होतं. मुलीच्या बापाला मांडवात सनई घेऊन बसता येत नाही. त्याला व्याह्यांना सामोरं जायचं असतं, कन्यादान करायचं असतं. म्हणजे माझ्या लग्नात आप्पा कसेही वाजवू शकणार नव्हते. आणि तेव्हा पहिल्यांदाच मला वाटलं, ती सीडी बरी. जगात ती एकाच लग्नात वाजायला हवी होती, आणि ते माझं.

मी स्वतः काकांच्या गाळ्यावर गेले. त्यांना सांगितलं. ते एकदम हळवे झाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या लग्नात न्हाई लावायची तर कुनाच्या गं? माझा सगळा साउंड येईल. एक रुपया न्हाई घ्यायचा मी दादाकडून."

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. पण आई म्हणाली की त्या रात्री ते तिला विचारत होते, हळदीची नीट आली होती का गं, का मधे ओढली गेली होती.

मांडव गावच्या शाळेच्या मैदानात होता. सकाळी काकांचा टेम्पो आला. त्यांनी स्वतः वायरी ओढल्या, स्पीकर लावले. मला मुंडावळ्या बांधत होते तेव्हा सनई सुरू झाली. मी कान दिला. सनईच्या मागे ऑर्गन होता, तबला होता. सनई गोड होती, फार गोड, एखाद्या जाहिरातीतली असावी तशी. आमची नव्हती.

मला वाटलं, आधी ही लावली असेल, मग ती लावतील. हळद लागली, ती आली नाही. मुहूर्त जवळ आला. मी मावशीला पाठवून काकांना बोलावून घेतलं. खोलीत आप्पाही होते. ते कलशाची आणि आहेराची ताटं बघत होते.

"काका, आप्पांची लावा ना आता."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. "बाय, ती पुसली गं."

"म्हणजे?"

"पावसाळ्यात पुसली. गनपतीची गानी भरायची हुती, त्या टायमाला दुसरी री-रायटेबल नव्हती माझ्याकडं. म्हनलं, कॉम्प्युटरमधी हाय, परत भरू. तर कॉम्प्युटरमधी व्हायरस घुसला. त्यो फॉरमॅट मारला गाळ्यावरच्या पोरानं. त्यात गेलं सगळं."

"मग मला होय कशाला म्हणालात?"

"मला वाटलं, कुटं तरी घावंल. लई शोधलं. तुझी शपथ." मग त्यांना एकदम काही आठवल्यासारखं झालं. ते म्हणाले, "ही सनई पन चांगलीच हाय. बाहेरून आनलीय मी तुझ्यासाठी."

त्यांनी मला ती सीडी आणून दाखवली, मी खोटं समजू नये म्हणून. करडी, शिशासारखी तीच. वर 'भक्तिगीते' असं लिहिलेलं. आधीचं लिहिलेलं त्यांनी रॉकेलने पुसलं होतं, पण नीट पुसलं गेलं नव्हतं. 'भक्तिगीते'च्या खालून 'दादा' दिसत होतं, आणि फुलाच्या दोन पाकळ्या.

मी आप्पांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी ते काही बोलतील. भावाच्या थोबाडीत मारतील. त्यांनी आहेराच्या ताटावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाले, "चला, मुहूर्त चाललाय. नवरदेवाला आनायला जायचंय."

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पाठवणीला त्या ऑर्गनवाल्या सनईनं मला वाटेला लावलं. मी इतकी रडले की सासूबाई मला थोपटत म्हणाल्या, "आगं, राहातं काही लांब नाही." त्या चांगल्या होत्या. त्यांना मी काय सांगणार होते?

लग्नानंतर मी ती सीडी काकांकडून मागून घेतली आणि शिर्डीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एकाकडे गेले. तो सभ्य माणूस होता. त्यानं बराच प्रयत्न केला. मग म्हणाला, "ताई, नुसती पुसली असती तर थोडीफार आशा होती. पुसून त्यावर दुसरं भरलंय. त्याच जागेवर. आता खाली काही नाही." मी विचारलं, थोडंसुद्धा नाही? तो म्हणाला, "ही सीडी असतेच त्यासाठी."

काकांचंही पुढं काही बरं झालं नाही. आधी पेनड्राइव्ह आले, मग मोबाईल. गाळ्यावर कोणी यादी घेऊन येईना. त्यांच्याकडच्या सीड्यांची ढिगानं विल्हेवाट लागली. एका डाळिंबवाल्यानं पाखरं हाकलायला बागेत टांगायला म्हणून पोतंभर नेल्या. साउंडचंही मोठ्या डीजेवाल्यांपुढं काही चाललं नाही. टेम्पो गेला, स्पीकर गेले. मला वाईट वाटलं नाही. ते मी लपवत नाही. माहेरी गेले की काका ओट्यावर बसलेले दिसायचे, आप्पांच्या शेजारी, दोघं बिड्या ओढत. आप्पांचे तोपर्यंत पुढचे दात काढले होते. हिरड्या खराब झाल्या होत्या. कवळी बसवली होती, पण ती जेवायच्या वेळेपुरती. सनईची पत्ती धरायला ओठांमागं स्वतःचे दात लागतात. कवळीवर ती ठरत नाही. म्हणजे सनईचं ते कायमचंच संपलं होतं.

आणि मग लोकांना परत सनई हवी झाली.

भंडारदऱ्याकडं डोंगरात आता मोठमोठी रिसॉर्ट झालीत. पुण्या-मुंबईची माणसं तिथं येऊन लग्नं लावतात. त्यांना सगळं गावाकडचं लागतं. मातीची भांडी, पितळी तांबे, फेटे बांधलेली माणसं, दारात सनई-संबळ. एका कार्यक्रमवाल्यानं काकांना कुठून तरी शोधून काढलं. काकांनी माळ्यावरचं संबळ खाली काढलं, त्याला नवं कातडं घातलं आणि आप्पांकडं आले. मी त्या दिवशी माहेरी होते, म्हणून हे मी ऐकलं.

"दादा, चल. परत सुरू करू."

आप्पांनी तोंड उघडून दाखवलं.

"म्हाईत हाय मला," काका म्हणाले. "तुला वाजवायचं न्हाई. सनई पेनड्राइव्हवर वाजंल. तू नुसती तोंडाला लावायची. फेटा बांधायचा, बसायचं. मी संबळ खरंच वाजवीन."

आई आतून बाहेर आली. मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "भावजी, एकदा त्यांची काढून घेतली, आता दुसऱ्याची त्यांच्या तोंडात घालताय?"

"वयनी, फोटोपुरतं हाय ते."

मीही बोलले. पहिल्यांदाच बोलले. काकांना जे वर्षानुवर्षं बोलायचं होतं ते सगळं बोलले. बी.एड. झालेल्या बाईला शोभणार नाही अशा भाषेत बोलले. काका ऐकून घेत राहिले. मधे एकदाच म्हणाले, "बोल बाय, तुझा हक हाय." मला वाटलं, आता आप्पा त्यांना ओट्यावरून खाली उतरवतील.

आप्पा मला म्हणाले, "झालं का तुझं बोलून?" मग काकांकडं वळले. "फेटा मला माझा बांधता येतो. त्यांच्याकडनं बांधून घ्यायचा न्हाई."

ते गेले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी राहात्याहून फोन करून विचारलं, का जाता? ते म्हणाले, "सनई हातात तर येती." बस, एवढंच.

एकदा मी मुद्दाम रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. कार्यक्रमवाल्यांची जीप होती. अकोल्याच्या पुढं रस्ता चढायला लागला. भाताची खाचरं मोकळी पडली होती. पुढं काका, मागं आप्पा आणि मी. आप्पांनी सनई मांडीवर धरली होती. तिचं पितळ चिंचेनं घासलेलं होतं. त्यांनी पत्तीही भिजवून आणली होती. मी म्हटलं, "आप्पा, ती कशाला?" ते म्हणाले, "कोरडी लावू नये."

रिसॉर्टच्या दारात त्यांना एका लाकडी चौरंगावर बसवलं. स्पीकर फुलांच्या मागे लपवला होता. पाहुणे यायला लागले तशी सनई सुरू झाली. आप्पांनी तोंडाला सनई लावली. एक मुलगी कानात वायर घालून धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, गाल जरा फुगवा ना, खरं वाटायला हवं." आप्पांनी गाल फुगवले.

पाहुणे थांबायचे, मोबाईल वर करायचे. एक बाई मला म्हणाल्या, "किती छान वाजवतात ना? अशी माणसं आता राहिली नाहीत." मी मान डोलावली. पंगतीत आप्पांनी डोलावली होती तशीच.

मी त्यांची बोटं पाहत होते. पहिल्यांदा ती बरोबर चालली होती. मग मला कळलं, ती स्पीकरमधल्या सनईवर नाहीत. ती आपलं काहीतरी वेगळंच वाजवत होती. पुढं जात होती, मधे थांबत होती, कुठं सावकाश होत होती. काय वाजवत होते मला ओळखता आलं नाही. त्यांच्याकडून ऐकून मला जे पाठ होतं ते सगळं मी आठवून पाहिलं, बोटांवर बसवून पाहिलं. नाही जमलं. आवाजाशिवाय मला त्यांची सनई येत नव्हती. तिथं कुणालाच येत नव्हती. काका मात्र मधूनमधून संबळावरचा हात किंचित रोखत होते. स्पीकरमध्ये जिथं थांबा नव्हता तिथंच रोखत होते. मी ते पाहिलं आणि मला त्यांचा आणखीच राग आला. एवढं कळत होतं तर मग का?

दुपारी जेवणं आटोपल्यावर जीप परत निघाली. आप्पांनी फेटा सोडून त्याची घडी घातली. सनईतून पत्ती काढून डबीत ठेवली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. राजूर मागं पडल्यावर ते पुढं वाकून काकांना म्हणाले, "आज लावली हुती ती कुनाची रे?"

"कुनाची म्हंजे?"

"सनई. कोन वाजवतंय?"

"कुनाला म्हाईत. मोबाईलवरनं उतरवून घेतलीय. नाव न्हाई त्याच्यावर."

आप्पा मागं टेकले. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "दम चांगला हाय त्याचा. म्हातारा आसंल, का पोरगा, कळत न्हाई. आपन लावतो हे त्याला म्हाईत नसंल."

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता आप्पा म्हणतील, पुरे झालं, आता मी येणार नाही. मी त्याचीच वाट पाहत होते. मी त्यांना घरी नेऊन आईपुढं उभं करणार होते आणि आई भाकरी टाकायला उठणार होती.

अकोल्याच्या अलीकडं काका म्हणाले, "पुढच्या रविवारी परत हाय. तिकडंच, धरनाच्या वरच्या अंगाला."

आप्पांनी डबीचं झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "गाडी किती वाजता यील?"